समुद्र, मीठ आणि गळणारे केस

भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या औषधांच्या दुकानांत हल्ली केसांसाठी वेगळा कप्पा असतो. माक्याचं तेल, कांद्याचं तेल, आवळा, रोझमेरी, बायोटिनच्या गोळ्या आणि आता त्यांच्या शेजारी ‘सी केल्प’ लिहिलेल्या बाटल्या नि डब्या. केल्प म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्रशेवाळांची जात. आमच्या भिलाईला सगळ्यात जवळचा किनारा विशाखापट्टणमचा किंवा गोपाळपूरचा, आणि तोही सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या पुढे. इथल्या मराठी घरांचं मूळ बहुतेक नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावतीकडचं. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी समुद्र पाहिलाच असेल तर एखाद्या यात्रेत. तरी शेजारच्या वहिनी डबी हातात घेऊन विचारतात, ‘ताई, हे जुनं औषध आहे म्हणतात. घेऊ का?’

माझी उमेद रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून बायका मला विचारतात. सवडीनं लिहीत गेलेली ही टिपणं त्यांच्यासाठी.

*

जुनं आहे का? जपानमध्ये कोंबू आणि वाकामे ही समुद्रशेवाळं खाल्ल्यानं केस दाट नि काळे राहतात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती लोकसमजूत आहे, सिद्ध झालेला उपचार नव्हे, आणि तिथले डॉक्टरही तसंच सांगतात. चीनच्या जुन्या वैद्यकात समुद्रशेवाळ आहे, पण ते गळ्यावरच्या गाठीसाठी. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्यानं गलगंडावर शेवाळ दारूत भिजवून द्यायला सांगितलं होतं.

आपल्याकडे केसांच्या तक्रारींचा विचार कमी झालेला नाही. खालित्य म्हणजे टक्कल, पालित्य म्हणजे पिकणं, इंद्रलुप्त म्हणजे चाई, असे वेगवेगळे विकार आयुर्वेदानं केव्हाच ओळखले. औषधंही हाताशी होती: माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद, चाईवर गुंजेचा लेप. ग्रंथांतलं शैवाल येतं ते थंडावा देणाऱ्या लेपांत, आणि ते गोड्या पाण्यातलं. केसांसाठी समुद्राचं शेवाळ ही आपली परंपरा नाही. छत्तीसगडची तर नाहीच. इथं डोक्याला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावत आले.

*

पण समुद्रशेवाळात काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १८११ साली फ्रान्समध्ये बेर्नार कुर्त्वा हा सोरा बनवणारा माणूस समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करत होता. त्यात गंधकाचं आम्ल जास्त पडलं आणि जांभळ्या वाफा उठल्या. थंड भांड्यावर त्यांचे काळसर चकाकते स्फटिक जमले. ते आयोडीन. पुढं १८२० मध्ये जिनीव्हाच्या कुआंदे नावाच्या डॉक्टरांनी ते गलगंडाच्या रोग्यांना दिलं. जुने वैद्य याच आजाराला जळलेल्या स्पंजाची राख देत. त्या राखेतलं काम करणारं द्रव्य आयोडीनच असणार, हा कुआंदेंचा तर्क होता आणि तो बरोबर निघाला. काही रोग्यांना अतिमात्रेचा त्रासही झाला. हेही त्याच वेळचं, आणि हेच पुढं महत्त्वाचं आहे.

*

केस आणि आयोडीन यांच्यामधला दुवा म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी. तिचा रस आयोडीनशिवाय बनत नाही. तो कमी पडला की शरीराचा सगळाच कारभार मंदावतो, तसा केसांच्या मुळांचाही. मग केस एका जागी न गळता सगळ्या डोक्यावरून विरळ होतात, कोरडे आणि राठ होतात. एक खूण मी पुष्कळ बायकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे: भुवईचा बाहेरचा, कानाकडचा तिसरा हिस्सा झडलेला. काजळपेन्सिलीनं तो भरून काढलेला असतो, पण जवळ बसलं की कळतं. सोबत थकवा, थंडी सोसत नाही, पाळी बिघडलेली, आवाज जरा जाड. अशी बाई समोर आली की मी तेलाचं नाव काढत नाही. आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घे म्हणते.

आयोडीन कमी पडल्यामुळे ग्रंथी मंदावली असेल तर शेवाळानं फरक पडेलही. पण आता शहरातल्या बाईची थायरॉईड मंदावते ती बहुतेक वेळा शरीर स्वतःच त्या ग्रंथीवर उलटल्यामुळे. तिला जास्तीचं आयोडीन देऊन केस येत नाहीत. उलट आजार वाढू शकतो.

*

समुद्र छत्तीसगडात पोचला तो मिठातून. बस्तरमध्ये चारोळीच्या बदल्यात मीठ, तेही तोलास तोल, असा व्यवहार जुनी माणसं सांगतात. चारोळीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला त्या व्यवहारातला अन्याय वेगळा सांगायला नको. मीठ इतकं मोलाचं होतं, कारण ते फार लांबून यायचं.

त्याच मिठातून पुढं औषधही आलं. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. एका भागाला मात्र साधंच मीठ ठेवलं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड ठळकपणे उतरला, साधं मीठ खाणाऱ्या भागात नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आमच्या राज्यात रेशनच्या दुकानात ‘अमृत नमक’ या नावानं गरीब कुटुंबांना आयोडीनयुक्त मीठ मिळतं. समुद्रशेवाळाच्या अंगी जो सगळ्यात खरा गुण आहे, तो या पिशवीत आहे. केसांच्या कप्प्यापुढं उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला मला हे सांगावंसं वाटतं.

*

हिशोब मांडून ठेवते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम. दहा ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. आपण तेवढं मीठ बहुधा खातोच, रक्तदाबाला सोसेल त्याहून जास्तच. शिवाय थोडं दुधातून आणि माशांतून येतं.

मिठाची बरणी चुलीजवळ उघडी ठेवू नये, ओल्या चमच्यानं मीठ काढू नये, शिजवताना जमेल तितकं शेवटी घालावं. आयोडीन उडून जातं.

*

हल्ली बऱ्याच घरांतून आयोडीनयुक्त मीठ हद्दपार झालं आहे. उपवासापुरतं असलेलं सैंधव रोजच्या वरणात आलं, ते ‘नैसर्गिक’ म्हणून. सैंधवात वेगळं आयोडीन घातलेलं नसेल, तर त्यात ते नगण्य असतं. त्याच घरात केस गळतात म्हणून केल्पची डबी येते. मला या बायकांची काळजी वाटते. आधी थोडंथोडं रोज मिळणारं आयोडीन बंद होतं, मग एकदम भलत्या मात्रेत सुरू होतं. थायरॉईडला दोन्ही सोसत नाहीत.

*

भलती मात्रा म्हणजे किती? सुक्या कोंबूच्या एका ग्रॅमात दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम आयोडीन सहज असतं. म्हणजे दहा-बारा दिवसांची गरज एका चिमटीत. जपानच्या होक्काइदो बेटावर, जिथं कोंबू पिकतो, तिथल्या किनाऱ्यावरच्या लोकांत गलगंड आढळला. १९६० च्या दशकात तपास झाला तेव्हा कारण निघालं रोज भरपूर कोंबू खाणं. डोंगरात आयोडीन नसल्यानं गाठ आणि समुद्रकाठी आयोडीन जास्त झाल्यानं गाठ. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

*

भाचीला कोरियन मालिकांचं वेड. तिनं विचारलं, ‘मावशी, त्यांचे केस बघ ना! त्या सीवीड खातात म्हणूनच असतील का गं?’

तिला सांगितलं ते असं. कोरियात बाळंतिणीला मियोक नावाच्या शेवाळाचं सूप देतात आणि वाढदिवसालाही तेच करतात, आईच्या कष्टांची आठवण म्हणून. फार सुंदर चाल आहे. पण बाळंतपणानंतर तिकडच्या बायकांचेही केस गळतात. आणि बाळंतिणीच्या पोटात फार आयोडीन गेलं तर दुधातून ते बाळाकडे जातं आणि बाळाची थायरॉईड मंदावू शकते, हे तिथल्याच डॉक्टरांनी नोंदवलं आहे. भाचीला आवडणाऱ्या भाताच्या गुंडाळीभोवतीचा पातळ काळा पापुद्रा मात्र वेगळ्या शेवाळाचा. त्यात ग्रॅमला तीस-चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन. तो खुशाल खा म्हटलं, चवीसाठी.

*

शेगावला आमच्याकडची किती तरी घरं वर्षातून एकदा जातात. दुर्गहून गाडीत बसलं की नागपूर, बडनेरा, अकोला करत शेगाव. त्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये जे घडलं ते केसांवर बोलणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोक्याला खाज सुटली. मग केस हात लावला की हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत डोकं रिकामं झालं. बायका, पुरुष, शाळकरी पोरं, कुणी सुटलं नाही. ‘टक्कल व्हायरस’ असं नाव पडलं. लोक या गावांतल्या माणसांजवळ बसेनात. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. १८ गावांत २७९ जणांना हा त्रास झाला. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं, नमुने घेतले गेले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं आणि हजारो माणसं वाचवली, त्या गावांत गेले. त्यांनी घरातले गहू तपासायला पाठवले. रेशनवर आलेले गहू. त्यांत सेलेनियम किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघालं, चालण्याजोगी मर्यादा १.९. धुतलेल्या गव्हातही १३.६१. म्हणजे ते दाण्यावर चिकटलेलं नव्हतं, दाण्याच्या आत होतं. रोग्यांच्या रक्तात, लघवीत, केसांतही सेलेनियम वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं त्यांना आढळलं. पुढं एप्रिलमध्ये काहींची नखं ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केस आणि नखं दोन्ही जाणं ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी ओळखलेली खूण. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या सुमारास असंच झालं होतं.

सेलेनियम हेही शरीराला लागणारं द्रव्य आहे. केसांच्या गोळ्यांच्या डबीवरही त्याचं नाव असतं. दिवसाला चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, आणि त्यातच थायरॉईडचंही काम चालतं. अतिरेक झाला की तेच केस उपटून हातात देतं. त्या खेड्यांत कुणी हौसेनं काही खाल्लं नव्हतं, रोजची पोळी खाल्ली होती. तिथल्या तरुण मुलींची लग्नं अडली असं वाचलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुष्कळांचे केस नंतर परत आले.

*

शेवाळातल्या आर्सेनिकबद्दल एक. हिजिकी नावाचं काळं शेवाळ जपानी जेवणात असतं. २००४ मध्ये ब्रिटनच्या अन्न खात्यानं ते खाऊ नका असं सांगितलं, कारण त्यात घातक स्वरूपातलं आर्सेनिक सापडलं. आर्सेनिक म्हणजे काय हे आमच्या भागाला नव्यानं सांगायला नको. जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात विहिरी-हातपंपांच्या पाण्यात ते निघालं आणि लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर त्याच्या खुणा उमटल्या. समुद्राचं शेवाळ पाण्यातलं जे मिळेल ते शोषून घेतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. म्हणून कुठल्या समुद्रातलं, कुणी तपासलेलं, हे डबीवर नसेल तर ती परत ठेवावी.

*

समुद्रशेवाळाशी माझा खरा संबंध केसांमुळे आला नाही. अगारमुळे आला. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्यांत जो जेलीसारखा थर असतो तो लाल शेवाळाचा. भुकटी पाण्यात उकळायची, दाबाखाली निर्जंतुक करायची, आणि बाटली गालाला लावली तर सोसेल इतकी कोमट झाली की ताटल्यांत ओतायची. जरा उशीर केला तर बाटलीतच गोठतं, घाई केली तर झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात आणि थेंब पडला की जंतूंच्या वसाहती एकमेकींत मिसळतात. एकदा गोठलं की शरीराच्या उष्णतेला ते वितळत नाही, त्याला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवावं लागतं. आधी जिलेटिन वापरत, ते उबवणीच्या पेटीत पातळ व्हायचं. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातलं अगार आपल्या शास्त्रज्ञ नवऱ्याला सुचवलं आणि तिथून ते रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत पोचलं. जंतुशास्त्र त्या एका सूचनेवर उभं आहे, आणि बाईंचं नाव मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसतं.

तेच अगार आपण चायना ग्रास म्हणून दुधात घालून वड्या पाडतो. भिलाईच्या कितीतरी घरांत समुद्रशेवाळ असं वर्षानुवर्षं येत आहे. केसांसाठी त्याचा काही उपयोग नाही, पण उन्हाळ्यात गार वडी छान लागते.

*

केस गळतात म्हणून आलेल्या मुलीला मी गळालेला केस उजेडात धरायला सांगते. टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याहून बारीक गड्डा असेल तर केस मुळातून आला. गड्डा नसेल, टोक तुटकं असेल, तर केस मधेच मोडला. बोअरचं जड पाणी, गरम यंत्रं, ओल्या केसांत कंगवा, यांनी केस मोडतात. मुळातून जाण्याचं कारण शरीराच्या आत शोधावं लागतं.

आणि दिवस मोजायचे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, कडक उपास, यांच्यानंतर केस लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. वाढणारी मुळं एकदम विश्रांतीला जातात आणि त्या विश्रांतीचा काळ तेवढा असतो. २०१८ मध्ये भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती, पावसाळ्यात. दिवाळीच्या सुमारास मुठीनं केस जाताहेत म्हणून रडत आलेल्या मुली मला आठवतात. तापाशी याचा संबंध आहे हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. असे केस पाच-सहा महिन्यांत आपोआप परत येतात. त्या काळात जी बाटली हाताशी असेल तिलाच श्रेय मिळतं, आणि केल्पची कीर्ती पुष्कळशी अशीच वाढली आहे असं माझं मत आहे.

*

भिलाईच्या पोलाद कारखान्यातले लोक हेल्मेटला दोष देतात. भट्टीजवळ आठ तास हेल्मेट, घाम, म्हणून टक्कल. हेल्मेटनं टक्कल पडत नाही. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आणि डोक्याच्या शेंडीपाशी जाणारे पुरुषांचे केस वारशानं आणि पुरुषी रसाच्या परिणामानं जातात. तिथं कुठलंही शेवाळ चालत नाही. मिनॉक्सिडिल हे औषध चालतं, काही जणांना, तेही सतत लावलं तर. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. हेल्मेट मात्र काढू नये.

*

आमच्या राज्यातल्या केसांचं सगळ्यात मोठं दुखणं आयोडीनचं नाही, लोहाचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधल्या १५ ते ४९ वयाच्या दहापैकी सहा बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा, फेरिटिन, रिकामा असू शकतो आणि केस तिथंच मार खातात. ही तपासणी टीएसएचसोबत लिहून मागावी.

विदर्भातून आलेल्या आमच्या घरांत यावर अळिवाचे लाडू आहेत. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले की तासाभरात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक चिकट कवच चढतं, आत तांबडा ठिपका. त्यात ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचं, जायफळ किसायचं. अळिवात लोह भरपूर असतं. झाडपाल्यातलं लोह अंगी लागायला आंबटाची सोबत हवी, म्हणून लाडवासोबत पेरू, आवळा किंवा लिंबाचं सरबत घ्यावं आणि चहा तासभर लांब ठेवावा. इथल्या लोकांची लाल भाजी, मुनग्याचा पाला, चरोटा, ही सगळी याच कामाची. दिवस गेले असतील तर अळीव डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

तेल लावावं का? लावावं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. नवा केस उगवत नाही, आहे तो टिकतो.

*

शेवाळावर संशोधन चालू आहे, ते थांबू नये. कोरियाच्या जेजू बेटाजवळ एक्लोनिया कावा नावाचं तपकिरी शेवाळ वाढतं. त्यातलं डायकॉल हे द्रव्य प्रयोगशाळेत केसांच्या मुळांच्या पेशी वाढवतं, उंदरांवरही केस वाढल्याचं २०१२ च्या शोधनिबंधात आलं. उंदरांपासून माणसांपर्यंत बरंच अंतर असतं, आणि ते द्रव्य वेगळं काढून लावणं म्हणजे केल्पची भुकटी गिळणं नव्हे. दोन मिनिटांत धुऊन टाकायच्या शाम्पूत शेवाळ असेल तर त्यानं शाम्पू दाट होतो आणि केस मऊ लागतात, इतकंच.

*

शेवटचं, आणि हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते. केसांच्या गोळ्यांत बहुतेक वेळा बायोटिन असतं, पाच किंवा दहा मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेचं बायोटिन थायरॉईडच्या रक्ततपासणीत ढवळाढवळ करतं. आकडे खोटे येतात, कधी आजार नसताना आजार दिसतो, कधी असलेला झाकला जातो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं याचा इशारा दिला. तेव्हा टीएसएचला जाण्याआधी निदान दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवायची, डॉक्टरांना आणि रक्त घेणाऱ्या मुलीला तसं सांगायचं. केल्पची डबी घेतच असाल तर तीही पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायची. त्यावर आयोडीन किती मायक्रोग्रॅम लिहिलं आहे ते त्यांना वाचू द्यायचं.